आधी बिघाड शोधा, मग दुकान

घरात कार्य निघालं किंवा सहलीची तिकिटं काढली, की कपाटातल्या कॅमेऱ्याची आठवण होते. बॅटरी चार्ज करून बटण दाबावं तर पडदा काळाच, नाही तर लेन्स अर्धी बाहेर येऊन कुरकुरते आणि तिथंच अडकते. मग घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, ‘टाका आता तो, मोबाइलवर बरे फोटो येतात.’ दुसरा म्हणतो, ‘चाळीस हजार मोजलेत, असा कसा टाकायचा?’ गंमत अशी की नेमकं काय बिघडलंय, हे दोघांनाही ठाऊक नसतं. त्यामुळे वाद किमतीवर जातो. पण दुरुस्ती की बदल, हे बहुतेक वेळा कॅमेऱ्याच्या किमतीवरून किंवा वयावरून ठरत नाही. ते ठरतं कुठला भाग गेलाय यावरून. तो भाग कळेपर्यंत नव्या कॅमेऱ्यांचे भाव बघत बसू नका.

सर्व्हिस सेंटरवर जाण्याआधी अर्धा तास घरीच द्या. दुरुस्तीला येणाऱ्या कॅमेऱ्यांत काही असे निघतातच की ज्यांना काहीच झालेलं नसतं.

सुरुवात बॅटरीपासून. लिथियम-आयन बॅटरी न वापरताही म्हातारी होते, आणि पूर्ण उतरलेली बॅटरी वर्षभर तशीच पडून राहिली तर चार्जर तिला ओळखतच नाही. चार्जरचा दिवा वेगानं लुकलुकत राहिला तर संशय बॅटरीवर घ्या, कॅमेऱ्यावर नाही. त्याच मॉडेलची बॅटरी कुणाकडून तरी तासाभरासाठी मागून आणा. एवढ्यानं निम्मा प्रश्न निकाली निघतो. बॅटरी फुगली असेल आणि खाचेत घट्ट बसत असेल तर जोर लावून आत दाबू नका, तिची जागा ई-कचऱ्यात. बॅटरीच्या झाकणाचाही एक छोटा खेळ असतो. झाकण लागल्यावर एक बारीक खुंटी आतला खटका दाबते, तेव्हाच बऱ्याच कॅमेऱ्यांत वीज सुरू होते. ती प्लॅस्टिकची खुंटी तुटली की कॅमेऱ्याला झाकण सताड उघडंच वाटतं आणि तो मेल्यासारखा गप्प राहतो. ही दुरुस्ती झाकण बदलण्याइतकी स्वस्त असते. दुकानात मात्र ‘पॉवर येत नाही’ एवढंच सांगितलं तर तपासणी भलत्या टोकापासून सुरू होते.

पुढे कार्ड. एसडी कार्डाच्या डाव्या कडेला लॉकची सरकपट्टी असते. ती खाली सरकली की कॅमेरा फोटो साठवायला नकार देतो. दुसरं कार्ड घालून बघा, जुन्यातले फोटो संगणकावर उतरवून ते कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. जुन्या व्यावसायिक कॅमेऱ्यांतलं जाडजूड सीएफ कार्ड वापरत असाल तर खाचेत टॉर्च मारून पाहा. आत ५० बारीक पिना असतात आणि कार्ड तिरकं घातल्यानं एखादी वाकलेली असू शकते. ती टाचणीनं सरळ करायचा मोह आवरा. तुटली तर पूर्ण खाच बदलावी लागते.

‘फोटो धूसर येतात’ ही तक्रार घेऊन निघण्याआधी लेन्सच्या कडेचा एएफ-एमएफ खटका बघा. पिशवीतून काढता-घालताना तो सरकतो. फोटो स्वच्छ आहेत पण डोळा लावल्यावर धूसर दिसतंय, असं असेल तर व्ह्यूफाइंडरशेजारचं छोटं चाक फिरलेलं आहे. ते तुमच्या चष्म्याच्या नंबरासाठीच दिलेलं असतं. डोळा लावल्यावर काळे ठिपके दिसतात पण फोटोत नाहीत, तर धूळ आरशावर किंवा फोकसिंगच्या काचेवर आहे आणि तिच्यानं काही बिघडत नाही. उलट फोटोत दिसतात पण डोळ्याला नाहीत, तर ती सेन्सरवर आहे. एफ/१६ वर निरभ्र आकाशाचा फोटो काढला की स्पष्ट कळतं. सेन्सर साफ करणं हे नेहमीच्या देखभालीतलं काम आहे, त्याला बिघाड म्हणू नये. आणि त्यासाठी तोंडानं फुंकर तर अजिबात मारू नये, थुंकीचे शिंतोडे धुळीपेक्षा चिवट असतात. निकॉनवर जुनी, कडं असलेली लेन्स लावल्यावर पडद्यावर ‘एफईई’ अशी अक्षरं लुकलुकत असतील, तर लेन्सवरचं छिद्राचं कडं सर्वांत मोठ्या आकड्यावर नेऊन तिथं लॉक करा. कॅमेरा लगेच शहाण्यासारखा वागू लागतो.

एवढं करूनही बिघाड तसाच असेल तर पुढचा प्रश्न: दोष लेन्सचा की बॉडीचा? लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यात हे शोधणं सोपं. तुमच्या बॉडीवर दुसऱ्याची लेन्स, दुसऱ्याच्या बॉडीवर तुमची लेन्स. गावातल्या कुठल्याही फोटो स्टुडिओत हे दोन मिनिटांत होतं आणि स्टुडिओवाले त्याला सहसा नाही म्हणत नाहीत. त्याआधी लेन्सच्या मागचे सोनेरी काँटॅक्ट स्वच्छ सुती कापडानं हलकेच पुसा. कॅननच्या पडद्यावरचा ‘एरर ०१’ बॉडी आणि लेन्सचं बोलणं तुटल्याचं सांगतो, आणि कित्येकदा तो नुसत्या पुसण्यानं जातो.

गेला नाही तर एक चाचणी करा, ती दुकानदारालाही उपयोगी पडते. लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं ठेवून, म्हणजे एफ/४ किंवा जो लहानात लहान आकडा असेल त्यावर, एक फोटो काढा. मग एफ/८ किंवा एफ/११ वर काढा. पहिला निघाला आणि दुसऱ्याला एरर आला, तर लेन्सच्या आतली छिद्राकडे जाणारी लवचीक पट्टी तुटलेली असण्याची दाट शक्यता. झूम पुढेमागे करताना ही पट्टी दर वेळी वाकते आणि काही वर्षांनी तिच्यातली तांब्याची रेघ तुटते. कॅननच्या १७-८५ आणि पहिल्या २४-१०५ एफ/४ लेन्सना हा रोग चांगलाच परिचित आहे. पट्टी स्वस्त, मजुरी महाग, कारण अर्धी लेन्स उघडावी लागते. २४-१०५ साठी ती मजुरी देण्यासारखी आहे. १७-८५ साठी, माझ्या मते, नाही.

किट लेन्सबद्दल तर विचारच करू नका. कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ लेन्स जुन्या बाजारात इतकी मुबलक मिळते की तिची दुरुस्ती करवणं म्हणजे तीच लेन्स पुन्हा विकत घेणं. नुसती लेन्स बदलून चालत असताना पूर्ण कॅमेरा मोडीत काढणारे लोक असतात; त्यांच्याच बॉड्या पुढे जुन्या बाजारात ‘फक्त बॉडी, उत्तम स्थिती’ म्हणून विकल्या जातात.

आता आपल्याकडचा खास रोग, बुरशी. मुंबई-कोकणात पावसाळ्यात हवेतली आर्द्रता दिवसचे दिवस ८० टक्क्यांच्या वर असते, आणि बुरशीला ६०-६५ सुद्धा पुरते. फोमचं अस्तर असलेली कॅमेऱ्याची बॅग ओल धरून ठेवते. जूनमध्ये कपाटात गेलेला कॅमेरा दसऱ्याला बाहेर काढला की काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात. तपासायचं असं: दोन्ही झाकणं काढा, छिद्र उघडं ठेवा, मागून मोबाइलचा टॉर्च मारा आणि समोरून तिरकं बघा. धूळ ठिपक्यांनी दिसते, बुरशी फांद्यांनी.

ती लागली म्हणून लेन्स गेली, असं नाही. कडेला बारीकशी असेल तर फोटोत काही कळतही नाही; फक्त उन्हाकडे तोंड करून काढलेल्या फोटोत पांढुरकी झाक येते. लवकर सापडली तर काच उघडून पुसली जाते. उशीर केला तर बुरशीतून निघणारं आम्ल काचेवरचा मुलामा खातं आणि मग पुसल्यावरही नक्षी उरते. दोन काचा एकमेकींना चिकटवलेल्या असतात तिथं मधे शिरली तर बहुतेक कारागीर हात वर करतात. म्हणून दुकानदाराला नेमकं विचारा: ‘बुरशी कुठल्या काचेवर आहे, आणि मुलामा शाबूत आहे का?’ ७०-२०० एफ/२.८ सारखी महागडी लेन्स असेल तर सफाई डोळे मिटून करा. साफ करून आणलेली लेन्स त्याच जुन्या बॅगेत परत ठेवलीत तर पुढच्या श्रावणात बुरशी पुन्हा हजर. घट्ट झाकणाचा धान्याचा डबा आणि त्यात सिलिका जेल, एवढ्यानं काम भागतं. निळे दाणे गुलाबी झाले की ते ओलावा पिऊन तृप्त झाले असं समजा. ते तापवून परत वापरता येतात, पण निळ्या दाण्यांत कोबाल्टचा क्षार असतो, तेव्हा स्वयंपाकाच्या भांड्यात तापवू नका. विजेवर चालणारं ड्राय कॅबिनेट घेतलंत तर आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या मधे ठेवा. त्याहून कोरडं ठेवल्यानं जास्त फायदा नाही.

दुसरा आपला घरचा शत्रू म्हणजे रंग. जेजुरीचा भंडारा, जोतिबाचा गुलाल, विसर्जनाची मिरवणूक. ही पूड वाळूपेक्षाही बारीक असते आणि झूमची नळी आत-बाहेर होताना हवेबरोबर तिला आत ओढून घेते. झूम खरखर करू लागली तर फिरवणं थांबवा आणि लेन्स उघडून साफ करून घ्या. या पायरीवर खर्च माफक असतो. तशीच वापरत राहिलात तर पूड फोकसच्या मोटरपर्यंत जाते. समुद्रकिनाऱ्यावरच्या वाळूचंही तेच. छोट्या खिशातल्या कॅमेऱ्यांत ‘लेन्स एरर’ येण्याची दोन मोठी कारणं म्हणजे बाहेर आलेल्या लेन्सवर आपटणं आणि नळ्यांच्या फटीत अडकलेला वाळूचा कण.

मिरवणुकीतल्या लेझरचा विषय निराळा. डीजेच्या गाडीवरून फिरणारा लेझरचा झोत थेट लेन्समध्ये आला तर सेन्सरवर कायमची जळकी रेघ किंवा ठिपका उमटतो. प्रत्येक फोटोत, प्रत्येक व्हिडिओत, एकाच जागी. ही जखम पुसून जात नाही; सेन्सरच बदलावा लागतो, आणि सुट्या भागांत सेन्सरइतकं महाग सहसा दुसरं काही नसतं. मध्यम किमतीच्या कॅमेऱ्याचा सेन्सर जळला तर दुरुस्तीचा विचार सोडा. एखाद-दुसरा ठिपका असेल तर काही कंपन्यांची सर्व्हिस सेंटर्स तो ‘मॅप’ करून देतात, म्हणजे कॅमेऱ्याला त्या बिंदूची माहिती शेजारच्या बिंदूंवरून भरायला शिकवतात. आधी तेवढं विचारून घ्या.

पाणी गेलं असेल तर घड्याळ सुरू झालेलं असतं. वारीत किंवा घाटात पावसानं भिजलेला कॅमेरा ‘चालतो का बघू’ म्हणून सुरू करणं हीच त्याला मारण्याची खात्रीची पद्धत. बॅटरी आणि कार्ड काढा, लेन्स सोडवा, कोरड्या कापडानं टिपा, सिलिका जेलच्या डब्यात ठेवा. तांदळात पुरू नका. तांदूळ फार ओलावा ओढत नाही आणि त्याचा पिठूळ भुगा मात्र खाचांत शिरतो. गोड्या पाण्यात भिजलेला कॅमेरा लवकर उघडून सुकवला तर वाचू शकतो. खाऱ्या पाण्यात पडलेला आज चालला तरी महिन्याभरात बंद पडेल, कारण मीठ बोर्डावरच्या जोडांना आतून गंजवत राहतं. तारकर्लीला लाटेत गेलेल्या कॅमेऱ्यावर मी तपासणीचे पैसेही घालणार नाही. त्यातलं कार्ड मात्र सुकवून वाचता येतं का, ते बघाच. कार्ड कॅमेऱ्यापेक्षा चिवट असतं.

बॉडीतल्या बिघाडांत शटर सगळ्यांत ओळखीचं. त्याचा आकडा स्कूटरच्या किलोमीटरसारखा कॅमेऱ्यात नोंदवला जातो. निकॉनच्या फोटो फाइलमध्येच तो लिहिलेला असतो आणि संगणकावर वाचता येतो. कॅननमध्ये बहुतेक मॉडेलांत वेगळं सॉफ्टवेअर किंवा सर्व्हिस सेंटर लागतं. निकॉन डी५६०० साठी कंपनीनं १ लाख चाचण्यांचं शटर सांगितलं होतं, डी७५० आणि कॅनन ५डी मार्क फोर साठी दीड लाख, डी८५० साठी २ लाख, तर कॅनन १डीएक्स मार्क टू आणि निकॉन डी५ साठी ४ लाख. ही काही मरणाची तारीख नव्हे. त्याच्या दुप्पट चाललेली शटरं आहेत आणि निम्म्यात गेलेलीही. पण आकडा पाहिला की हिशेब सोपा होतो. ३० हजार फोटोंवर शटर अडकलं, बाकी सगळं ठणठणीत आहे आणि कॅमेरा डी७५० किंवा ५डीच्या वर्गातला आहे, तर नवं शटर बसवा आणि निश्चिंत व्हा. नवशिक्यांसाठीच्या बॉडीत दीड लाख फोटोंनंतर गेलं असेल तर त्या कॅमेऱ्यानं आपलं कर्ज फेडलंय असं समजा. नव्या मिररलेस कॅमेऱ्यांपैकी काहींत हा भागच उरलेला नाही. २०२१ मध्ये आलेल्या निकॉन झेड९ मध्ये यांत्रिक शटर दिलेलंच नाही.

‘बोर्ड गेला’ हे वाक्य मात्र जपून ऐका. ते पुष्कळदा निदान नसतं, अंदाज असतो. मेन बोर्ड खरंच गेला असेल तर जुन्या कॅमेऱ्याच्या बाबतीत खेळ संपल्यात जमा आहे. पण बोर्डावरचा एखादा फ्यूज, बॅटरीचा जोड किंवा ढिली पट्टी असेल तर खर्च कितीतरी कमी होतो. दुसऱ्या एका माणसाला दाखवल्याशिवाय बोर्डाचा निकाल मान्य करू नका.

पैसे मोजण्याआधी आणखी एक गोष्ट: तुमच्या मॉडेलमध्ये कंपनीचीच चूक होती का, ते तिच्या संकेतस्थळावरच्या सेवा-सूचनांत बघा. २००५ मध्ये सोनीनं बनवलेल्या सीसीडी सेन्सरांत दोष निघाला. उष्ण आणि दमट हवेत त्यांचे आतले जोड सुटत होते आणि चित्र जांभळट किंवा काळं येत होतं. तेच सेन्सर कॅनन, निकॉन, फुजी अशा अनेकांच्या कॅमेऱ्यांत होते आणि कंपन्यांनी ते फुकट बदलून दिले. २०१२ च्या निकॉन डी६०० मध्ये सेन्सरवर ठिपके साचायचे. २०१४ मध्ये कंपनीनं वॉरंटी संपलेल्यांचीही सफाई आणि शटरबदल विनामूल्य जाहीर केली. कॅननच्या पहिल्या ५डी चा आरसा निखळायचा, तोही कंपनीनं मोफत बसवून दिला. अशा योजना कायम उघड्या राहत नाहीत, पण विचारायला पैसे पडत नाहीत.

आता हिशेब. दुरुस्तीचा खर्च नव्या कॅमेऱ्याच्या किमतीशी ताडून बघण्याची सवय चुकीची आहे; तशी तुलना केली की कुठलीही दुरुस्ती स्वस्तच वाटते. तो ताडून बघायचा त्याच मॉडेलच्या चालू स्थितीतल्या जुन्या कॅमेऱ्याशी. समजा, दुरुस्तीला ९ हजार सांगितले आणि तीच बॉडी, कमी वापरलेली, जुन्या बाजारात १४ हजारांना मिळते. मग फरक ५ हजारांचा. त्या ५ हजारांत तुम्हाला कमी झिजलेलं शटर, ताजा रबर आणि स्वच्छ पडदा मिळतो, शिवाय तुमची मेलेली बॉडी सुट्या भागांसाठी विकून चार पैसे येतात. अशा वेळी दुरुस्तीचा हट्ट कशाला? दुरुस्ती जुन्या बाजारभावाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत असेल तर मी करून घेईन. निम्म्याच्या वर गेली तर नाही. मधल्या पट्ट्यात शटरचा आकडा आणि तुमची सवय ठरवील.

नव्याची किंमत मोजताना मात्र पूर्ण मोजा. डीएसएलआर आता मावळतीला लागले आहेत. कॅनन आणि निकॉन दोघांनीही २०१८ मध्ये मोठ्या सेन्सरच्या मिररलेस मालिका सुरू केल्या आणि नवं संशोधन तिकडेच वळलं. म्हणजे नवी बॉडी घेतलीत की तिच्याबरोबर वेगळ्या बॅटऱ्या, कदाचित वेगळी कार्डं, आणि जुन्या लेन्सांसाठी अ‍ॅडॉप्टर आलं. कॅननच्या ईएफ लेन्सा त्यांच्या अ‍ॅडॉप्टरवर व्यवस्थित चालतात. निकॉनच्या एफटीझेड अ‍ॅडॉप्टरवर एएफ-एस लेन्स आपोआप फोकस करतात, पण जुन्या एएफ-डी लेन्सांची मोटर बॉडीत होती, त्यामुळे त्या हातानंच फिरवाव्या लागतात. कपाटात तीन-चार एएफ-डी लेन्सा असतील तर जुनी डी७५० दुरुस्त करणं नव्या झेडपेक्षा कितीतरी शहाणपणाचं ठरतं. याउलट तुमच्याकडे फक्त किट लेन्स असेल, तर तुम्ही मोकळे आहात, हवं ते घ्या.

घाई करू नका म्हणतात, पण दुरुस्तीच्या बाबतीत थोडी घाई हवी. जपानी कंपन्या उत्पादन थांबल्यावर साधारण पाच-सात वर्षं सुटे भाग ठेवतात, त्यानंतर अधिकृत सेंटर सरळ नाही म्हणतं. २०१० मध्ये जगभर १२ कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले होते. २०२३ मध्ये हा आकडा ८० लाखांच्याही आत आला. मोबाइलनं छोटा कॅमेरा गिळला आणि त्याबरोबर सुटे भाग आणि कारागीरही कमी झाले. कोडॅक २०१२ मध्ये या धंद्यातून बाहेर पडली, कॅसिओनं २०१८ मध्ये छोटे कॅमेरे थांबवले, सॅमसंगनं आधीच आवरतं घेतलं होतं, ऑलिम्पसचा कॅमेरा विभाग २०२१ मध्ये वेगळ्या कंपनीकडे गेला. यांचे जुने कॅमेरे आता दुसऱ्या मेलेल्या कॅमेऱ्याचे भाग काढूनच उभे करता येतात.

म्हणून वॉरंटी संपलेल्या, जुन्या मॉडेलसाठी स्वतंत्र कारागीर गाठावा. मुंबईत फोर्टमधल्या बोरा बाजारात कॅमेऱ्याची दुकानं आणि दुरुस्तीवाले जवळजवळ आहेत. बाकी शहरांत जिल्ह्यातल्या लग्नाच्या फोटोग्राफरला विचारा, त्याचा कॅमेरा कुठं जातो ते. त्याची रोजीरोटी त्या कॅमेऱ्यावर चालते, तो चुकीचा पत्ता देणार नाही. वॉरंटी चालू असेल तर मात्र बाहेर उघडू देऊ नका. दुबई-सिंगापूरहून पाहुण्यांनी आणलेल्या बॉडीची वॉरंटी बहुधा इथं चालत नाही. निकॉनची अमेरिकेतली शाखा तर बाहेरच्या मार्गानं आलेल्या मालाची पैसे देऊनही दुरुस्ती करत नाही.

कॅमेरा देताना कार्ड, बॅटरी, पट्टा आणि फिल्टर काढून घ्या. सिरीयल नंबर पावतीवर लिहवून घ्या. तपासणीचे पैसे किती, आणि दुरुस्ती नाकारली तर ते परत मिळतात का? बदललेला भाग परत देणार का? दुरुस्तीवर किती महिन्यांची हमी? तीनही उत्तरं लेखी हवीत. काम फसलं आणि दाद मिळेना, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगात तक्रार करता येते. मुदत २ वर्षांची, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारनं दुरुस्तीच्या हक्काचं संकेतस्थळही सुरू केलं आहे, त्यावर निरनिराळ्या कंपन्यांची सेवा आणि वॉरंटीची माहिती एकत्र मिळते.

लग्नाची कामं घेणाऱ्यांचा हिशेब वेगळा. त्यांच्यासाठी दुरुस्तीचा खर्च म्हणजे बिल अधिक कॅमेरा दुकानात असताना बुडालेली कामं. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू झाले की तीन आठवडे थांबणं परवडत नाही. अशांनी दुसरी जुनी बॉडी आधी घ्यावी आणि बिघडलेली नंतर, हंगाम संपल्यावर, निवांत दुरुस्त करावी.

खिशातल्या छोट्या कॅमेऱ्याची लेन्स अडकली तर बहुतेक वेळा तो सोडून द्यावा. पूर्ण लेन्स-संच बदलावा लागतो आणि तो कॅमेऱ्याच्या किमतीला भिडतो. अपवाद महागड्या छोट्या कॅमेऱ्यांचा, आणि आता आणखी एक: गेल्या काही वर्षांत तरुण पोरं जुन्या सीसीडी कॅमेऱ्यांच्या रंगांवर भाळली आहेत, त्यामुळे काही मॉडेलांना पुन्हा भाव आला आहे. टाकण्याआधी जुन्या बाजारात नाव टाकून बघा. एक इशारा मात्र पक्का: व्हिडिओ बघून तो घरी उघडू नका. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३०० व्होल्ट साठलेले असतात आणि बॅटरी काढल्यावरही ते बराच वेळ राहतात.

बदलायचंच ठरलं तर जुना कॅमेरा ‘बंद, सुट्या भागांसाठी’ असं स्पष्ट लिहून विका. कारागीरच तो घेतात. लेन्स, चार्जर, चांगली बॅटरी वेगवेगळी विकली तर जास्त पैसे येतात. कार्ड विकू नका, नुसतं डिलीट केलेले फोटो परत काढता येतात. काहीच विकलं जात नसेल तर बॉडी अधिकृत ई-कचरा केंद्रात द्या, आणि फुगलेली बॅटरी टोकांवर चिकटपट्टी लावून वेगळ्या पिशवीत.